कापल्याशिवाय कळत नाही

५ जानेवारी

ऑर्डरवही कोरी पडून आहे, म्हटलं तिच्यातच लिहावं. पानावर रकाने छापलेले आहेत : उंची, पायाची लांबी, खांद्यापासून मुठीपर्यंत हात, रंग. त्या रकान्यांवरून मी सरळ आडवं लिहीत चाललो आहे. शेवटची खरी नोंद दोन वर्षं दोन महिन्यांपूर्वीची. फ्रेम नंबर दोनशे चौऱ्याऐंशी.

एकतीस वर्षांत दोनशे चौऱ्याऐंशी सायकली, प्रत्येक एकेका माणसाच्या अंगाच्या मापाची. आता लोक सायकल शर्टासारखी घेतात : लहान, मध्यम, मोठी. कारखान्यात यंत्र सांधे जोडतं आणि एका दिवसात माझ्या वर्षभराच्या सायकली बाहेर पडतात. जग पुढे गेलं म्हणायचं आणि गप्प बसायचं.

आमच्या दोघांच्या कामाची वाटणी लग्नापासूनची. नळ्या कापणं, जुळवणं आणि झाळणं माझ्याकडे. झाळणं म्हणजे दोन नळ्यांचा सांधा ज्योतीने तापवून त्यात पितळ वितळवून सोडायचं. मग ही कानस घेऊन सांधा घासते, असा की बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळू नये. फोन आणि गिऱ्हाइकांशी बोलणं तिच्याकडे, कारण माझं तोंड फटकळ. आजही कामावरून उठताना विचारलं, "कोणाचा फोन?" ती म्हणाली, "नाही हो." रोजचंच आहे.

११ जानेवारी

हात बसलेला राहावा म्हणून उरलेल्या नळ्यांचे तुकडे झाळत बसलो. पितळेच्या कांड्या अगदी भिकार यायला लागल्या आहेत. लावली की पांढरा धूर. पूर्वी धूर म्हणून दिसायचा नाही. भेसळ, दुसरं काय! त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून आली, ताप भरला. तिने दोन पांघरुणं घातली.

सकाळी ती ते तुकडे घासत होती. म्हटलं, "कसे झालेत?" म्हणाली, "ठीक आहेत." पूर्वी ही बाई माझ्या सांध्यात तीन-तीन चुका काढायची आणि आमची जुंपायची. आता वयाने मऊ पडली आहे.

१९ जानेवारी

शेजारच्या शिंप्याची सायकल रंगवून दिली. गर्द लाल हवा होता, गर्द लाल दिला. हा शहाणा ती उन्हात नेऊन म्हणतो, "मालक, हा तर विटकरी." म्हटलं, तुला दोऱ्याच्या रिळापलीकडे रंगातलं काय कळतं? नाचता येईना अंगण वाकडं. तो हसत गेला, पण ही आत जाऊन रंगाचा डबा बघून आली. मग भांडी विसळताना म्हणाली, "अहो, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"

तिच्यासमोर सुई घेतली आणि पहिल्या फटक्यात दोरा ओवून दाखवला. वर्कशॉपातला उजेडच मिणमिणता आहे. बल्ब बदलायला सांगितलं, तिने मुकाट्याने बदलला.

२ फेब्रुवारी

ही आज लेकीकडे गेली. लेकीचे दिवस भरत आले आहेत, त्यामुळे दोन महिने तरी तिकडेच. निघताना सूचनांचा पाढा. औषध वेळेवर, दूध उतू घालवू नका. आणि दारात बॅग ठेवून पुन्हा आत आली : "एकट्याने ज्योत पेटवू नका. मला वचन द्या." मी काय लहान आहे? बरं म्हटलं.

दुकानाचा फोनही घेऊन गेली. म्हटलं, राहू दे की माझ्याकडे. "तिकडे लागेल हो मला." आणि ज्योतीचा सिलिंडर उघडायची चावी सापडत नाही. घाईत बॅगेत टाकली असणार. बाजारातून दुसरी आणली.

९ फेब्रुवारी

गिऱ्हाईक! दोन वर्षांनी गिऱ्हाईक!

सकाळी दारात एक नर्स उभी. ड्यूटी संपवून थेट आली होती. उंची इतकी कमी की आधी मला शाळेतली मुलगी वाटली. म्हणाली, "काका, माझ्या मापाची सायकल कुठेच मिळत नाही. लहान मुलांची घेऊन वापरली. तिच्यावर कार्टून चिकटवलेलं होतं, पेशंट हसतात हो." हॉस्पिटल टेकाडावर, खोली खाली. पहाटेच्या पाळीला बस नसते, चालत पाऊण तास.

मग म्हणाली, "मी तीनदा फोन केला होता. काकू म्हणाल्या, ऑर्डरी भरल्यात, दोन वर्षं जमणार नाही. म्हटलं, प्रत्यक्ष जाऊन पाया पडावं."

मी हसलो. ही भाव खात असणार. रिकामं दुकान म्हटलं की माणूस बिचकतं, भरलेलं म्हटलं की रांग लावतं, असा तिचा हिशेब. पण इतका भाव खायचा की आलेली लक्ष्मी दारातून परत जावी? आल्यावर बोलणारच आहे.

माप घेतलं. हात जरासे आखूड, पाय त्या मानाने लांब. कारखान्यातल्या कुठल्याही साच्यात ही मुलगी बसणार नाही. रंग गडद निळा हवा म्हणाली. नंबर दोनशे पंच्याऐंशी. लेकीकडे हिला काही कळवणार नाही. परत येईल तेव्हा थक्क करून सोडेन.

१७ फेब्रुवारी

नळ्या कापून झाल्या. किती दिवसांनी माझ्या अंगाला लोखंडाचा वास आला. जेवायचं विसरलो, औषधही विसरलो.

हिचा फोन आला, शिंप्याच्या दुकानावर. "काय करताय दिवसभर?" म्हटलं, माश्या मारतोय. "वर्कशॉप बंद आहे ना?" म्हटलं, बंद. इतकी वर्षं झाली, पण तिच्याशी खोटं बोलताना अजून कान तापतात. शिंपी दात काढत होता.

२५ फेब्रुवारी

आज झाळकाम झालं. मनासारखं झालं का? लिहायला बसलो आहे तर खरं लिहावं.

पोलाद तापताना आधी काळपट राहतं, मग मंद लाल, मग डाळिंबी. डाळिंबी झालं की कांडी लावायची. त्याच्या पुढे नारिंगी होऊ द्यायचं नाही, नाहीतर पोलाद जळतं आणि सांधा ठिसूळ होतो. हे मला झोपेतही कळतं. पण आज डाळिंबी यायला फार वेळ लागत होता. ज्योत वाढवली, थांबलो, थांबलो आणि मग कांडी लावली तर पुन्हा तो पांढरा धूर. घासताना हँडलच्या सांध्यात दोन बारीक खड्डे दिसले. पुन्हा तापवून बुजवले.

क्षणभर शंका आली. पण शंका कसली? गॅस कमी दाबाचा, कांड्या भेसळीच्या. कानशीवर माझा हात नाही, ती असती तर एवढंही दिसलं नसतं. संध्याकाळी ताप आलाच.

७ मार्च

नात झाली! आई आणि बाळ दोघी ठीक. हिचा आवाज फोनवर असा की जणू तिलाच मूल झालं आहे. म्हणाली, नाक तुमचं आहे, बिचारीचं. मी शिंप्याच्या दुकानातच रडलो. त्याने मला मीटरभर कापड दिलं डोळे पुसायला, वाह्यात माणूस.

१५ मार्च

नर्स सायकल घेऊन गेली. निळा रंग खुलला आहे, असं ती म्हणाली. दोन्ही पाय जमिनीला टेकले तेव्हा ओरडली, "काका, टेकले!" गल्लीत तीन चकरा मारल्या. मोठ्या माणसाला असं हसताना मी खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

मूर्ती लहान पण आता टेकाड सर करणार. मी अजून संपलेलो नाही.

३० मार्च

ही आज परत आली. चहा व्हायच्या आधीच वर्कशॉपात गेली. मी मागे उभा, मनातल्या मनात हसत, कधी विचारते याची वाट बघत.

तिने बाकावरून नळीचा एक तुकडा उचलला. मग नळ्या पकडायच्या व्हाइसखालचा पितळेचा भुगा बोटाने उकरला.

"फ्रेम केलीत?"

"दोनशे पंच्याऐंशी! बघ, आहे का नाही—"

"कोणाला दिलीत?"

"नर्स आहे एक. तूच तिला हाकलून लावत होतीस—"

"कुठे राहते?"

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, लेकीकडे काहीतरी वाईट घडलं आहे आणि ही लपवते आहे. पत्ता सांगितला. पायात चपला सरकवून ती तशीच गेली. चहा उकळून उकळून आटला.

दोन तासांनी आली. बरोबर गोणी होती. गोणीत निळी फ्रेम, दोन तुकडे.

चार दिवसांपूर्वी टेकाड उतरताना हँडलखालची नळी सांध्यातून सुटली. नर्सचं उजवं मनगट मोडलं, समोरचा दात गेला, हनुवटीला टाके. ती आम्हाला कळवायलासुद्धा आली नव्हती. हिला म्हणाली, "काकू, चूक माझीच. सवय नव्हती, ब्रेक जोरात दाबला असणार. काकांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

३१ मार्च

काल पुढचं लिहवलं नाही.

हिने तो तुटका सांधा व्हाइसमध्ये धरला आणि माझं बोट पकडून तुटलेल्या कडेवरून फिरवलं. कडा साखरेसारखी खरखरीत लागली. चांगलं पोलाद असं तुटत नाही. ते जळलं होतं. बोटाला ते तत्क्षणी कळलं, एकतीस वर्षांचं बोट आहे.

म्हटलं, "कांडी—"

"कांडी चांगली होती," ती म्हणाली. "गॅस चांगला होता. पितळ फार तापलं की तो पांढरा धूर येतो. बल्ब मी तीनदा बदलला, तुम्ही म्हणालात म्हणून. तुम्हाला लाल दिसत नाही हो. तुम्ही डाळिंबी म्हणता तेव्हा ते पिवळं पडायला आलेलं असतं. मी मागे उभी राहून बघितलंय."

मग सगळं बाहेर आलं. माणसं येत होती. महिन्याला दोन-तीन फोन. ती प्रत्येकाला ऑर्डरी भरल्या म्हणून सांगत होती आणि संध्याकाळी मला "नाही हो" म्हणत होती. दोन वर्षं. मी जगाला शिव्या घालत होतो, कारखान्यांना घालत होतो आणि जग बिचारं दाराशी येऊन परत जात होतं.

फार ओरडलो. म्हटलं, दोन वर्षं फसवलंस मला. ती म्हणाली, "हो." म्हटलं, तोंडावर सांगायला काय झालं होतं? म्हणाली, "डॉक्टरकडे चला म्हटलं तर तुम्ही सुईत दोरा ओवून दाखवलात. त्यापुढे काय सांगणार होते? तुमचा हात गेला, असं? तुम्ही जेवला असता त्यानंतर?"

मग भिंतीला टेकून खाली बसली. "चावी नेली मी. बाजारात दुसरी मिळते, हे डोक्यातच आलं नाही. त्या पोरीला मी तीनदा नाही म्हटलं, पण खरं कारण सांगितलं नाही. तो हात माझ्यामुळेही मोडलाय."

तिच्यामुळे नाही. तो हात मी मोडला. इथे लिहून ठेवतो.

४ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. एक पुस्तक पुढे धरलं, पानोपानी ठिपके. म्हणे, आकडा ओळखा. ठिपके दिसले, आकडा एकही दिसला नाही. ही मागे खुर्चीवर बसली होती, तिला सगळे दिसत होते. तिच्या श्वासावरून मला कळायचं की या पानावरही आकडा आहे.

डोळ्यांमागची शीर सुकते आहे. लाल रंग आधी जातो, बाकीचं हळूहळू. गेलं ते परत येणार नाही. डॉक्टर भला माणूस, थांबून थांबून बोलत होता. मी विचारलं, "हे कधीपासून?" तो म्हणाला, "तीन वर्षं तरी. चारही असतील."

रस्त्यात ही म्हणाली, "चार?" दोघांच्याही मनात एकच होतं. ऑर्डरी बंद करून दोन वर्षं झाली. त्याच्या आधीच्या सायकली लोकांच्या बुडाखाली आहेत.

६ एप्रिल

हिला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, "शेवटची घासताना. दोनशे चौऱ्याऐंशी. खड्डे बुजवायला दोन दिवस लागले, वाटलं, बुजवले म्हणजे सांधा पक्का झाला. त्याच्या आधीच्यांतही थोडे होते. पण तुम्ही म्हणालात कांड्या खराब आहेत, मी खरं मानलं. तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?" मग म्हणाली, "रंगाखाली काही दिसत नाही. कापल्याशिवाय कळत नाही."

ठरलं ते असं : शेवटून सुरुवात करायची. एकेक परत मागवून सांधे कापायचे आणि बघायचे. चांगली निघेल तिथे थांबायचं.

फोन मी केले. ती करते म्हणाली, पण हे तिच्याकडे ढकलायचं काम नव्हे. "मी सायकलवाला बोलतोय. तुमच्या सायकलवर आजपासून बसू नका." एकतीस वर्षांत हे वाक्य कधी तोंडात आलं नव्हतं.

१० एप्रिल

दोनशे चौऱ्याऐंशी औषधाच्या दुकानदाराची. तो स्वतः घेऊन आला. करवत मी चालवली, बघितलं तिने. हँडलचा सांधा, सीटचा सांधा, दोन्ही जळलेले. सीटच्या सांध्यात तर पितळ उतरलंच नव्हतं, वरवर चिकटलेलं. दुकानदार म्हणाला, "यावर मी पोराला पुढे बसवून नेतो हो, पोहायला." आणि मग बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहिला.

१२ एप्रिल

दोनशे त्र्याऐंशी. वाईट. एक सांधा हाताने मोडला.

ही रोज सकाळी नर्सकडे जाते. डाव्या हाताने एकटीला वेणी घालता येत नाही, ती घालून येते. मी अजून गेलो नाही. उद्या जाईन म्हणतो आणि पाय उचलत नाही.

१५ एप्रिल

दोनशे ब्याऐंशी गाणं शिकवणाऱ्या बाईंची. दोन सांधे बरे, दोन जळके. म्हणजे तेव्हा कधी दिसत होतं, कधी नव्हतं. मी तेव्हा काय म्हणत होतो ते आठवतं. ढगाळ हवा आहे, असं म्हणत होतो.

दुपारी गेलो नर्सकडे. तिने उठून डाव्या हाताने पाणी दिलं. मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं : ब्रेकची चूक नव्हती, तुझी नव्हती, मला दिसत नव्हतं. तिने प्लास्टरमधली बोटं हलवून बघितली. मग म्हणाली, "मला सलाइनची सुई लावता येईल का पुन्हा, डॉक्टर सांगत नाहीत." एवढंच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल

दोनशे एक्याऐंशी उंच मास्तरांची. शाळेत गणित शिकवतात, साडेसहा फूट माणूस. त्यांच्या मापाची फ्रेम करायला मला सगळ्यांत लांब नळ्या लागल्या होत्या. ते सायकल द्यायलाच तयार नव्हते. "साडेतीन वर्षांत एकदा कुरकुरली नाही हो. हिच्या आधी मी आयुष्यभर गुडघे हँडलला आपटत सायकल चालवली." हात जोडले तेव्हा दिली. वर्कशॉपच्या दारात सायकलच्या सीटवर दोनदा थाप मारली आणि चालत गेले.

२० एप्रिल

आज कापली.

आधी हँडलचा सांधा. करवत चालवताना नेहमीपेक्षा जड गेली. तुकडा सुटला, मी तो तिच्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत उभा राहिलो. ती खिडकीशी गेली. फार वेळ लावला.

"सीटचा कापा," म्हणाली. कापला. मग खालचा. मग मागचे दोन्ही.

"अहो, ही चांगली आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. सगळी चांगली आहे."

माझा विश्वास बसेना. मग तिने माझं बोट धरलं आणि कापलेल्या कडेवरून फिरवलं. पोलाद गुळगुळीत. पितळ सांध्याच्या पार टोकापर्यंत गेलेलं, सगळीकडून सारखं, कुठे पोकळी नाही, खड्डा नाही. पाचही सांधे तसेच. एकतीस वर्षांत याहून चांगलं काम माझ्या हातून झालं असेल असं वाटत नाही. आणि सांधा आतून कसा झाला हे करणाऱ्याला कधीच बघायला मिळत नाही. मला आज मिळालं.

म्हणजे त्या सालापर्यंत मला दिसत होतं. त्याच्या आधीच्या दोनशे ऐंशींवर लोकांनी खुशाल बसावं. मला इतका आनंद झाला की मी हिला म्हटलं, बघ, बघ कसं उतरलंय! ती हो हो म्हणत होती आणि रडत होती. मला वाटलं, आनंदाने रडते आहे.

मग बाकावर नजर गेली. साडेसहा फुटी माणसाच्या सायकलचे सहा तुकडे. आता तशी करणारं कोणी नाही. मला येणार नाही आणि कारखान्यात ते माप नाही.

शनिवारी मास्तर सायकल न्यायला येतील. ती चांगली होती, हे त्यांना मलाच सांगायचं आहे.